मुलीचा जोडीदार मुक्कामाला येऊ का विचारतोय

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दीड वर्षापासून तिचं एका मुलाशी जमलंय, तो २१ वर्षांचा आहे. तो इथून दोन तासांवर राहतो. शनिवारी भेटायला येतो आणि शेवटच्या गाडीने परत जातो. परवा तिने सरळच विचारलं, "या शनिवारी तो माझ्या खोलीत राहिला तर चालेल का?" मला काही बोलताच आलं नाही. तिच्या बाबांनी "या घरात हे चालणार नाही" म्हणून विषय संपवला. धाकटा मुलगा १३ वर्षांचा आहे, सासूबाई आमच्याजवळच असतात. मुलीवर माझा विश्वास आहे, मुलगाही वाईट वाटत नाही, पण मन तयार होत नाही. हो म्हटलं तर आई म्हणून मी कमी पडतेय असं वाटतं. नाही म्हटलं तर ती आमच्यापासून लपवायला लागेल याची भीती. काय करू?

उत्तर : ताई, आधी या शनिवारचं बघू. या शनिवारी त्याने राहायचं नाही. तिच्या बाबांनी रागाने तसं सांगितलं म्हणून नव्हे, तर घरातल्या मोठ्या माणसांचं अजून आपसात बोलणंच झालेलं नाही म्हणून. मुलीला आजच सांगा, "तू विचारलंस हे मला फार बरं वाटलं. बाबांनी तेव्हा जे सांगितलं ते शेवटचं उत्तर नाही. आम्हाला दोन आठवडे दे, त्या रविवारी आपण बसून बोलू." तारीख सांगायला विसरू नका. 'बघू' म्हणून सोडून दिलेला प्रश्न मुलांना नकारासारखाच ऐकू येतो, आणि पुढच्या वेळी ती विचारत नाहीत.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तिने या मुलाशी किती जवळीक ठेवायची, हा एक. तो तुमच्या घरी रात्री राहणार की नाही, हा दुसरा. पहिला प्रश्न तिचा आहे. ती २० वर्षांची, सज्ञान आहे, आणि दीड वर्षाच्या नात्यात काय घडलं असेल वा नसेल ते तुमच्या परवानगीची वाट बघत थांबलेलं नाही. दुसरा प्रश्न मात्र घरातल्या सगळ्यांचा आहे, आणि त्यावर हो किंवा नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रात्रीच्या नकाराने पहिला प्रश्न सुटेल असं समजून पालक नकार देतात आणि तिथेच फसतात. तसंच, हो म्हटल्याने तुम्ही तिच्या शरीरसंबंधांना संमती देताय असंही होत नाही. ती संमती तुमच्याकडे कधी नव्हतीच.

आमचं मत स्पष्ट सांगतो. तुम्ही हो म्हणा किंवा नाही म्हणा, दोन्हींवर घर नीट चालू शकतं. घर बिघडतं ते डोळेझाकीने. बाबांना न सांगता आईने "गुपचूप येऊ दे" म्हणणं, त्याने रात्री एक वाजता मागच्या दाराने येऊन पहाटे निघून जाणं, सकाळी सगळ्यांनी काहीच झालं नाही असं दाखवणं. यात मुलगी एकच गोष्ट शिकते : जोडीदार ही लपवायची बाब आहे. मग तो तिच्याशी वाईट वागू लागला तरी ती तेही लपवते.

त्यामुळे सुरुवात तिच्या बाबांपासून करा. मुलं घरात नसताना तासभर बसा. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा, की या गोष्टीत मला नेमकं काय नको आहे. पाच-सात ओळी पुरेत. मग कागद बदलून वाचा. बोलण्याऐवजी लिहायला सांगण्याचं कारण असं, की बोलताना 'हे बरोबर दिसत नाही' हे एकच वाक्य दहा वेगळ्या भीतींच्या जागी वापरलं जातं. कागदावर त्या सुट्या होतात. 'तो मुलगा कोण, कसा, मला माहीत नाही' असं असेल तर उपाय ओळख वाढवण्याचा. 'धाकट्याला काय सांगायचं' असेल तर उपाय वेगळा. 'सकाळी बाथरूमपाशी परका मुलगा उभा' अशी अडचण असेल तर ती वेळापत्रकाने सुटते. 'शेजारी काय म्हणतील' असेल तर ते खरं खरं लिहा, त्यात लाज नाही. पण त्या भीतीला मुलीच्या भल्याचं नाव देऊ नका. मुलांना हा फरक लगेच कळतो. आणि 'लग्नाआधी हे चूक आहे असं मी मनापासून मानतो' असं त्यांच्या कागदावर निघालं, तर ती श्रद्धा आहे. तिला युक्तिवादाने हरवायला जाऊ नका. तिच्याशी जुळेल अशी वाट काढावी लागेल, तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

मग मुलगा. तो येतो आणि जातो एवढ्याने ओळख होत नाही. मुक्कामाचा विचार करण्याआधी तो किमान तीन-चार वेळा दिवसाउजेडी घरी आलेला, सगळ्यांबरोबर जेवलेला असावा. त्याची मुलाखत घेऊ नका. पगार, घराणं, पुढचे बेत यांतून काही कळत नाही. बघायचं ते तुमच्या मुलीकडे. तो असताना तिचा आवाज नेहमीसारखा असतो का, की ती प्रत्येक वाक्यानंतर त्याच्या चेहऱ्याकडे बघते? तिने एखादी गोष्ट नको म्हटली तर तो ती पहिल्याच वेळी सोडून देतो का? तिचा फोन वाजला तर "कोण?" असं आधी तो विचारतो का? मैत्रिणींबरोबर जायचं ठरल्यावर तो रुसून बसतो का? जेवल्यावर ताट उचलतो का, हेही बघा, पण ते फार नंतरचं. नकार पचवता येणं ही या वयातल्या जोडीदाराची पहिली कसोटी आहे.

यानंतर मुलीशी एकटीने बोला. समोरासमोर बसून नको. चालताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, जिथे एकमेकींकडे सतत बघावं लागत नाही अशा वेळी. पहिला प्रश्न हाच असू द्या : "हे तुला हवंय, की त्याला हवंय?" ती वैतागेल, तरी विचारा. बऱ्याचदा मागणी जोडीदाराची असते आणि मुलीला नकार कसा द्यायचा ते कळत नसतं. अशा मुलीला निमित्त हवं असतं. ते तिला देऊन टाका : "कधीही नकोसं वाटलं तर माझं नाव पुढे कर. आई नाही म्हणाली म्हण. मी खुशाल वाईट होईन." त्यासाठी दोघींमध्ये एक साधा शब्द ठरवा. 'दूध संपलंय का' असा मेसेज आला की तुम्ही उलट फोन करून त्याला ऐकू जाईल असं सांगायचं, आज मुक्काम जमणार नाही. का, कशासाठी, हे त्या रात्री विचारायचं नाही.

दुसरं बोलणं गर्भनिरोधनाचं. यात लाजून चालत नाही. ती म्हणेल, मला सगळं माहीत आहे. नेटवरचं माहीत असतं, पण त्यात भोकं असतात. कंडोम प्रत्येक वेळी आणि अगदी बरोबर वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांपैकी साधारण दोघांकडे गर्भ राहतो. प्रत्यक्षात लोक वापरतात तसा वापरला तर साधारण १३ जोडप्यांकडे. फरक चुकांचा आहे : उशिरा घालणं, एखाद्या वेळी राहून जाणं, खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवल्याने उष्णतेने आणि घर्षणाने तो कमजोर होणं, मुदत संपलेली असणं, सोबत तेल किंवा व्हॅसलीन वापरणं. तेलकट पदार्थाने लेटेक्स काही मिनिटांत अशक्त होतं. पाण्यावर आधारलेलं जेल चालतं. रोजच्या गोळ्या नियमित घेतल्या तर गर्भ राहणं बहुतेक वेळा टळतं, पण त्या लैंगिक संबंधातून पसरणारे आजार थांबवत नाहीत. म्हणून गोळ्या सुरू असल्या तरी कंडोम सुटत नाही. चूक झालीच तर तातडीच्या गर्भनिरोधनाची, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती बीजांड सुटणं लांबवते. गर्भ आधीच राहिला असेल तर तिचा काही उपयोग नाही, आणि दर महिन्याचा उपाय म्हणून ती घ्यायची नाही. ती घेतल्यावर पाळी एक आठवड्याहून जास्त लांबली तर चाचणी करायची. हे सगळं तुमच्या तोंडून सांगणं जमत नसेल तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि तपासणीच्या खोलीबाहेर थांबा. तुम्ही आत असाल तर ती खरं सांगणार नाही. एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस घेतलेली नसेल तर त्याच भेटीत विचारा. ९ ते १४ या वयात ती सर्वांत उपयोगी असते, पण विशीतही घेता येते. आणि हे बोलणं मुलालाही लागू आहे. पुढेमागे धाकट्याशीही असंच बोलावं लागणार आहे.

परवानगी म्हणजे ढिलाई नव्हे. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या पालकांच्या व किशोरांच्या मुलाखती घेऊन समाजशास्त्रज्ञ ॲमी शॅलेट यांनी हाच प्रश्न तपासला. मुक्कामाला हो म्हणणारे डच पालक कुणालाही येऊ देत नव्हते. नातं टिकाऊ हवं, जोडीदार घरच्यांना ओळखीचा हवा, काळजी घेतलेली हवी, मुलाची स्वतःची तयारी हवी, असं त्यांचं गणित होतं. आणि ज्या घरांत हे होत नव्हतं, तिथली मुलं थांबत नव्हती, ती लपवत होती.

तुम्ही दोघांनी हो म्हणायचं ठरवलं तर पहिल्या दोन-तीन मुक्कामांना त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घाला. हे ढोंग नाही, फक्त ते नियम म्हणून उघड सांगायला हवं. "पहिले काही मुक्काम वेगळ्या खोलीत, मग पुन्हा बोलू." यामागचं खरं कारण तुमची सवय हे आहे, त्यांची पवित्रता नव्हे. मध्यरात्री उठून कोण कुठे आहे ते बघायला जाऊ नका. पहारा ठेवायचा असेल तर परवानगीच देऊ नका, तो प्रामाणिक नकार बरा. आणि आजींच्या खोलीत त्याला झोपवू नका. दोघांचीही झोप मोडते.

घरचे नियम थोडे आणि नेमके असावेत. मुक्काम आहे हे दोन दिवस आधी कळवायचं, म्हणजे शनिवारसाठी गुरुवारी. रात्री दहाच्या आत घरात. अकरानंतर आवाज नाही, कारण पातळ भिंतीपलीकडे शाळेत जाणारा मुलगा आणि वय झालेलं माणूस झोपलेलं आहे. बाहेरच्या खोलीत आणि बाथरूमकडे जाता-येता पूर्ण कपडे. सकाळचं बाथरूम आधी आजींचं. तुम्ही दोघं गावाला असताना निदान पहिले सहा महिने मुक्काम नाही. घराची किल्ली त्याच्याकडे नाही. आणि तुमच्यावरचा एक नियम : बंद दारावर टकटक करायची, उत्तर येईपर्यंत थांबायचं. या एका गोष्टीने बाकीच्या नियमांना वजन येतं.

रात्रींची मर्यादा सुरुवातीलाच सांगा, हे फार महत्त्वाचं. आठवड्यात साधारण एक रात्र, पंधरा दिवसांत फार तर तीन. मर्यादा नसेल तर काय होतं ते हळूहळू होतं. आधी टूथब्रश राहतो, मग चार्जर, मग धुण्यात त्याचे शर्ट, आणि दोन-तीन महिन्यांत घरात एक माणूस वाढलेला असतो ज्याला कुणी या म्हटलेलं नव्हतं. तेव्हा बोललेलं शब्दन्‌शब्द अपमान वाटतो. पहिल्याच दिवशी सांगितलं तर तो नुसता नियम असतो. सलग तीन रात्रींच्या पुढे मुक्काम जात असेल तर ते राहणं झालं, आणि त्याची चर्चा खर्च आणि कामाच्या वाटणीसकट वेगळी करायची.

धाकट्याला अंधारात ठेवू नका. तो १३ वर्षांचा आहे, त्याला अंदाज आलेला आहेच. ताईचा मित्र पहिल्यांदा राहणार त्याच्या आदल्या दिवशी सांगा, "ताईचा मित्र उद्या रात्री राहणार आहे. ती मोठी आहे, त्यांचं नातं बऱ्याच दिवसांचं आहे, आम्ही विचार करून हो म्हटलंय." त्याने विचारलं, "मग मलाही चालेल का?" तर उत्तर तयार ठेवा : "१८ पूर्ण झाल्यावर, नातं बऱ्याच दिवसांचं असेल आणि आम्ही तिला ओळखत असू, तर हेच नियम." हे वाक्य बोलाल ते पाळा. मुलीला नाही आणि मुलाला 'पोरगाच आहे' म्हणून हो, असं करणारी घरं मुलीच्या मनातून कायमची उतरतात. मुलीला मुलगी आवडत असेल किंवा मुलाला मुलगा, तरी नियम तेच. तिथे एक काळजी जास्त : घरातल्या इतरांना काय सांगायचं हे तिने ठरवायचं, तुम्ही परस्पर सांगायचं नाही.

सासूबाईंना खोटं सांगू नका, पण सगळं सांगायचीही गरज नाही. "शनिवारी रात्री तो इथेच राहणार आहे, आम्हाला दोघांना ठाऊक आहे" एवढं पुरतं. त्या नाराज झाल्या तर ती नाराजी तुम्ही दोघांनी झेलायची, मुलीच्या वाट्याला येऊ द्यायची नाही.

१८ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांसाठी मध्येच एक गोष्ट. वरचं बरंचसं त्यांना लागू नाही. संमतीचं कायदेशीर वय देशागणिक बदलतं, कुठे १४, कुठे १६, कुठे १८, आणि ते आधी तपासायचं. दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांशी स्वतः फोनवर बोलल्याशिवाय मुक्काम नाही. 'त्यांना चालतं' हा मुलाचा निरोप पुरेसा नाही. खोल्या वेगळ्या, आणि वयात दोन-तीन वर्षांहून जास्त अंतर असेल तर मुक्कामाऐवजी नात्याचीच चौकशी करायची.

आता नकाराची वाट. तिच्या बाबांना दोन आठवड्यांनंतरही हे मान्य नसेल तर नाहीच सांगा, आणि दोघांनी मिळून सांगा. "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. आम्हाला आमच्या घरात हे जमत नाही. तो दिवसभर येऊ दे, रात्री जेवून जाऊ दे, त्याला स्टेशनवर सोडायला बाबा येतील. वर्षभराने पुन्हा विचार." बाबा खरोखर गाडी काढतात तेव्हा त्या नकाराला अर्थ येतो. 'आई तयार होती, बाबांनी अडवलं' असं मुलीला कळू देऊ नका. ती तुमच्यामार्फत बाबांवर दबाव आणत राहील आणि तुमचं दोघांचं बिनसेल. आणि नकार दिल्यावर ती इतर कुठे राहते याची उलटतपासणी करू नका. तिच्याकडून एवढंच ठरवून घ्या, की ती कुठे आहे हे एका माणसाला माहीत असेल, आणि रात्री कितीही वाजता फोन केला तर तुम्ही न रागावता न्यायला याल. घराचं दार बंद केलं की मुलं जिथे जातात त्या जागा बहुधा घराइतक्या सुरक्षित नसतात. म्हणून नकार देणाऱ्या घराने हे वचन जास्त काटेकोरपणे पाळायला हवं.

दिलेली परवानगी मागेही घेता येते. चार मुक्काम झाले की तिघांनी बसून बघा, काय जमलं, काय खटकलं. नियम मोडले म्हणून महिनाभर मुक्काम बंद, हे ठीक. पण तो तिला घालूनपाडून बोलतो, तिचे पैसे वापरतो, तिला मैत्रिणींपासून तोडतो, अंगावर हात टाकतो, असं दिसलं तर मुक्काम तात्काळ बंद करा आणि तिच्याशी संबंध आणखी घट्ट ठेवा. "तो किंवा आम्ही" असं तिला निवडायला लावू नका. अशा नात्यात अडकलेली मुलगी दबावाखाली बहुतेक वेळा त्याच्याकडेच जाते, आणि मग परत यायचा रस्ता तिला दिसत नाही.

नातं साधेपणी तुटलं, तर धाकट्यालाही त्याची सवय झालेली असेल. त्याला मुलीच्या आधी नव्हे, तिच्या संमतीने सांगा. तुम्हाला तो मुलगा आवडत असला तरी तिच्या माघारी त्याला मेसेज करू नका. या सगळ्या काळात त्याला जावईबापू म्हणून वागवलं नसेल, पाहुणा म्हणूनच वागवलं असेल, तर हे तिला बरंच सोपं जाईल. नातेवाइकांच्या समारंभात त्याला मिरवणं, "आता कधी?" असं विचारणं, हे मुक्कामाच्या परवानगीत येत नाही. ते ती स्वतः बोलेल तेव्हाच.